मधला लावला का?

अक्का, तुझा पेटारा सध्या माझ्या स्वयंपाकघरात, पोळपाटाच्या शेजारी बसला आहे. धुळ्यात, देवपूरच्या या दोन खोल्यांत त्याला दुसरीकडे जागा नाही, आणि खाली ठेवायला वाकले की तुझा आवाज कानात येतो, "ओल लागेल गं त्याला, वर ठेव." म्हणून वर ठेवला. त्याचे दोन्ही मीटर, ज्यांना मी तुला चिडवायला घड्याळं म्हणायचे, माझ्याकडे टक लावून बघतायत. काल गावाहून आले. तिथं जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि खरं सांगायचं तर तुझ्याशिवाय ते कुणाला नीट कळणारही नाही.

पण आधी थोडं भांडून घेते. तू अशी अर्धं बोलणं सोडून उठून जाणारी नव्हतीस. आपला वाद अजून संपलेला नाही. मागच्या वेळी तू "बघू" म्हणालीस, आणि तुझं "बघू" म्हणजे होकार असतो की नकार हे मला आजवर कळलेलं नाही. आता कुणाला विचारू?

हा पेटारा तू बांधलास तेव्हाची गंमत आठवते. जळगावात लग्नाच्या पेट्या करणाऱ्या माणसाकडून तू पत्रा वाकवून घेतलास. त्याला बजावून सांगितलंस की यावर गुलाबाचं फूल रंगवायचं नाही. त्याला ते पटेना. बाईमाणूस पेटी करून नेते आणि फूल नको म्हणते, म्हणजे घरात काहीतरी बिनसलं असणार, असं त्याला वाटलं असावं. शेवटी पुढची बाजू त्याने कोरी ठेवली आणि मागे, पंख्याच्या भोकांच्या खाली, एक बारीकसा गुलाब काढलाच. तू चिडलीस, पण पुसला नाहीस. अजून आहे तो.

पुढच्या बाजूला दोन खुंट्या फिरवायच्या, दोन काट्यांचे मीटर, आणि खाली वायरी लावायला चार मळसूत्रं: लाल, काळं, निळं एका ओळीत, आणि जरा बाजूला एक हिरवं. भिंतीतली वीज मागून आत जायची आणि पुढून तीच मुकाट, गरीब होऊन बाहेर यायची. लालवर अधिक बारा, निळ्यावर उणे बारा, आणि काळ्यावर शून्य. त्या काळ्याला तुझ्या तंत्रशाळेतले सगळे कॉमन म्हणायचे. तू एकटी म्हणायचीस मधला. तू आबांच्या तीन लेकरांतली मधली, वर भाऊ, खाली मी, म्हणून तुला मधल्याचं एवढं कौतुक, असं मी म्हटलं की तू हातातली पक्कड माझ्या अंगावर उगारायचीस.

मी गणित शिकवणारी. मला दोन बाजूंची वीज कशाला लागते हे कळत नव्हतं. बारा हवेत ना, मग घे की बारा. उणे बाराची भानगड कशाला? तेव्हा तू मला आखाजीच्या सणातल्या झोक्याची गोष्ट सांगितलीस. मळ्यातल्या निंबाला आपला झोका असायचा, वैशाखातल्या उन्हात आपण माहेरवाशिणींच्या आधी जाऊन तो पकडायचो. तू म्हणालीस, "आवाज म्हणजे झोका, बेबी. जितका पुढे जातो तितकाच मागे यायला पाहिजे. एकाच बाजूची वीज दिलीस म्हणजे झोका भिंतीला चिकटून बांधलास. पुढे जाईल, मागे आला की आपटेल. मग आवाज फाटतो."  मग हळूच म्हणालीस, "आणि कुणी बसलेलं नसलं की झोका जिथं उभा राहतो ना, तो मधला. तिथूनच सगळं मोजायचं."

मी फळ्यावर हजार वेळा शून्य काढलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते निंबाखाली, उन्हात, कुणी न बसलेल्या झोक्यासारखं दिसलं.  तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच चढून बसली असतीस.

आबांच्या कानाचं आपण दोघींनी फार उशिरा मनावर घेतलं. विहिरीवरच्या इंजिनाजवळ त्यांचा जन्म गेला, त्याने कान खाल्ले, असं सगळे म्हणायचे. आधी मोठ्याने बोलून भागायचं, मग तेही भागेना. पारावर कुणीतरी पावसाचं विचारलं आणि आबांनी केळीच्या घडांचं उत्तर दिलं. लोक हसले. वाईट हेतूने नाही, पण हसले. त्यानंतर आबा पारावर जायचे बंद झाले. घरात बसून भिंतीकडे बघायचे, आणि आपण गेलो की आपल्या ओठांकडे. कानात घालायचं तयार यंत्र आणून बघितलं तर त्यात त्यांना नुसती शिट्टी ऐकू यायची. तू ते उघडून बघितलंस, नाक मुरडलंस आणि म्हणालीस, "मी करते."

तू केलंस ते मला चमत्कारासारखंच वाटतं, आजही, सगळं समजून सुद्धा. शर्टाच्या खिशाला लावायचा बारका माइक, कानात घालायचं बोंडूक, आणि मधे पट्टीवर तो काळा, आठ पायांचा तुकडा. पुस्तकात त्याला ऑप-अँप म्हणतात. आबांनी तो तळहातावर घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाले, "हा तं गोचीड हाये." मग बैलाच्या कानातून काढलेला गोचीड जसा लांब धरतात तसा लांब धरून हसले. त्या दिवसापासून तुझ्या वर्गातही त्याचं नाव गोचीडच पडलं. तू सांगायचीस, या गोचिडाला मुंगीचं कुजबुजणं दिलं तर तो बैलाचं हंबरणं करून देतो, फक्त त्याला वर आणि खाली, दोन्हीकडे मोकळी जागा द्या.

रविवारची सकाळ होती. आबा बोदवडहून पॅसेंजरने भाऊबरोबर तुझ्याकडे जळगावला आले होते, मी धुळ्याहून एसटीने. तू त्यांना टेबलाशी खुर्चीवर बसवलंस, सदऱ्याला माइक टोचलास, कानात बोंडूक घातलंस. त्यांच्या अंगावरून तीन वायरी निघून तुझ्या पेटाऱ्याकडे जात होत्या. भाऊ म्हणाला, "दावणीला बांधल्यासारखं दिसतंय." तू खटका दाबलास. दोन्ही काटे डुलत उठले, एक अधिककडे, एक उणेकडे, आणि बाराला येऊन थांबले. आबा समोर बघत बसलेले. काही नाही.

तू सगळं चाचपून बघत होतीस आणि स्वतःशीच पुटपुटत होतीस, "मधला लावला का? मधला लावला का?" वाक्य तोंडात असतानाच तुला सुटलेली वायर सापडली. तू ती काळ्याखाली सरकवलीस. आणि आबा दचकले.

"कोन लावला का म्हनते?" त्यांनी विचारलं.

 आबांनी जरा हात हलवला, सदरा माइकवर घासला, तसे ते वर बघायला लागले. "केयीच्या पानावर पानी पडते तसं कायतरी होतंय," म्हणाले. तू त्यांचा हात धरून सदऱ्यावर फिरवलास, तेव्हा त्यांना कळलं की तो त्यांचाच सदरा आहे. शेजारी कुणीतरी हंडा भरत होतं, ते ऐकलं. चिमण्या ऐकल्या. मग तू त्यांच्या समोर खाली बसलीस आणि अगदी साध्या आवाजात म्हणालीस, "आबा, जेवायला काय करू?"

आबा तुझ्याकडे बघतच राहिले. "तुहा आवाज असा झाला का वं?" म्हणाले. 

त्यांच्या लेखी तुझा आवाज अजून परकरातल्या पोरीचाच होता. मधली सगळी वर्षं त्यांनी तुझे ओठच बघितले होते. भाऊ तोंड फिरवून खिडकीशी गेला. मी रडले. तू मात्र रडली नाहीस, मीटरच्या काट्यांकडे बघत होतीस, ते हलले की काय म्हणून. मला तेव्हा तुझा राग आला होता. आता वाटतं, तुला दुसरीकडे कुठं बघायचं सुचत नव्हतं.

त्यानंतर "मधला लावला का?" हे आपल्या घरातलं वाक्यच झालं. वरणात मीठ नसलं तरी भाऊ तेच विचारायचा. तू मात्र ते दर वेळी खरोखरीच विचारायचीस. आबांच्या कानात बोंडूक घालताना, खटका दाबायच्या आधी, मोठ्याने. जणू ते विचारल्याशिवाय वीज येणारच नाही.

पारोळ्याच्या त्या पोराची गोष्ट तू मला किती वेळा सांगितलीस. त्याने वर्गात सगळं जोडलं, काटे बारावर उभे, आणि यंत्र गप्प. "मॅडम, बठ्ठं बराबर शे, तरी गोचीड मुकाच शे." तू जाऊन बघितलंस तर त्याने मधली वायर काळ्याला न लावता हिरव्याला लावली होती, आणि हिरव्यातून दुसरी वायर काढून खिडकीबाहेर जास्वंदीच्या आळ्यात खुपसली होती. वर तांब्याभर पाणी ओतलं होतं. का, तर घरच्या मोटारीच्या स्टार्टरची हिरवी वायर अशीच खड्ड्यात जाते, मीठ-कोळसा घालून वर पाणी मारतात. पुस्तकात ग्राउंड लिहिलंय, ग्राउंड म्हणजे जमीन, आणि जमीन काय असते हे शेतकऱ्याच्या पोराला कुणी शिकवायचं? मी पोट धरून हसले होते. तू हसली नाहीस. तू म्हणालीस, "मला त्याला सांगताना भीती वाटली गं. की बाबा, खालची माती इथं कामाची नाही. या गोचिडाची जमीन आपण म्हणू ती. हिरवं फक्त पेटीचा पत्रा मातीला जोडतं, कुणाला झटका बसू नये म्हणून. पण जिथून मोजायचं ती जमीन म्हणजे काळा, मधला. मातीत जन्मलेल्या पोराला असं कसं सांगायचं?"

यावरूनच आपला वाद सुरू झाला. मी म्हणाले, शून्य म्हणजे काही नसणं. तू म्हणालीस, मग तिथली वायर काढून बघ. लालमधून आलेलं आणि निळ्याकडे जाणारं, सगळं त्या काही नसलेल्यातून ये-जा करतं, त्यालाच सगळ्यात जाड वायर लागते. मी म्हणाले, उणे बारा हे बारापेक्षा कमी. तू म्हणालीस, तुझ्या फळ्यावर कमी, माझ्या टेबलावर तितकंच, फक्त दुसऱ्या बाजूला. मग बॅटरीचा वाद. पेटारा काही अंगावर वागवता येईना, म्हणून आबांच्या खिशात दोन बॅटऱ्यांचं ओझं, आणि एक आधी उतरली की ते तक्रार करायचे, "एक बाजू पडली वं." तू दोन्ही एकदमच बदलायचीस. मी म्हटलं, एकच बॅटरी घे, दोन सारख्या रोधांनी तिचे दोन भाग कर, अर्धं ते मधलं. गणितात अर्धं म्हणजे अर्धंच. तू म्हणालीस, "कागदावर तो मधला जागचा हलत नाही. माणूस बोलला की हलतो." मी घरी येऊन चिडून विचार केला आणि पुढच्या खेपेला म्हटलं, मग त्या मधल्याला धरून ठेवायला दुसरा एक गोचीड लाव. तुझे हात थांबले. तू माझ्याकडे बघितलंस, तसं तू फार थोड्या वेळा बघितलंस. आणि म्हणालीस, "बघू."

तेवढंच. पुढची खेप झाली नाही.

फोन माझ्या कॉलेजच्या ऑफिसात आला. मी जळगावला पोचले तोवर भाऊ आबांना घेऊन आला होता. आबांच्या कानात काही नव्हतं. त्यांचं यंत्र आठवडाभर तुझ्याकडेच होतं, बॅटऱ्या फुटून आतलं सगळं हिरवं पडलं होतं म्हणून तू दुरुस्तीला ठेवून घेतलं होतंस. म्हणजे बघ, तुझ्या जाण्याची बातमी त्यांना ऐकू येणार नाही अशी सोय तूच करून गेलीस. ते आत आले, तुझ्याकडे बघितलं, मग एकेकाच्या तोंडाकडे बघत फिरले. आम्ही त्यांच्यासमोर रडलो, त्यांना धरलं, त्यांचे हात हातात घेतले. सांगितलं मात्र कुणीच नाही. त्यांना वाचता येतं, पण पाटीवर ते लिहून दाखवायची छाती कुणाची होती? गावी परत गेल्यावर ते पुन्हा भिंतीकडे बघत बसले. कुणाच्या ओठांकडेही बघेनात. भाऊने निरोप पाठवला, आबा जेवताना मान वर करत नाहीत.

दाजींनी तुझं टेबल तसंच ठेवलं होतं. आबांचं यंत्र उघडं, बॅटऱ्यांच्या जागी कापून घेतलेल्या तीन वायरी, लाल, निळी आणि पांढरी, आणि कानातल्या बोंडकाची तार तू नवी लावलेली. झालंच होतं तुझं. फक्त बॅटऱ्यांचं खोकं बसवायचं राहिलं होतं. दाजी म्हणाले, "बेबीताई, यातलं मला काही कळत नाही. तुम्हीच न्या." मला तरी कुठं कळत होतं? पण नेलं. आणि परवा पेटारा मांडीवर घेऊन एसटीत बसले. पारोळा गेलं, जळगाव गेलं. शेजारच्या बाईने मागचा गुलाब बघून विचारलं, लग्न कुणाचं? मी म्हटलं, माझ्या बहिणीचं सामान आहे.

दुपारी लाइट येईपर्यंत आम्ही थांबलो. मग ओसरीत पाट मांडून त्यावर पेटारा ठेवला. आबा भिंतीकडे तोंड करून बसलेले. मी त्यांच्या सदऱ्याला माइक टोचला, कानात बोंडूक घातलं. त्यांनी घालू दिलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. लाल लालला, निळी निळ्याला. पांढरी हातात धरून क्षणभर थांबले आणि लावून टाकली. खटका दाबला. दोन्ही काटे उठले, डुलले, बाराला थांबले. अक्का, ते काटे उठताना मी बघितले. तू नाहीस आणि तुझ्या हातचं सगळं तसंच चालतंय, इकडे बारा, तिकडे बारा.

"आबा," मी हाक मारली. काही नाही. पुन्हा मारली, ओरडून मारली. भाऊ ओसरीच्या खांबाला टेकून उभा. मी वायरी चाचपल्या, बोंडूक काढून पुन्हा घातलं, माइकवर बोट आपटलं. काटे जागेवर आणि यंत्र मुकं.  मला वाटलं, झालं, तू होतीस म्हणून चालत होतं, आता कसलं चालतं. 

तेव्हा आबांनी मान वळवली. पेटाऱ्याकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं, आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, जरा जास्तच मोठ्याने म्हणाले, "मंधला लावला का?"

मी खाली बघितलं. पांढरी वायर हिरव्याला होती. ग्राउंड म्हणजे जमीन, जमीन म्हणजे हिरवं. पारोळ्याच्या पोराला हसणारी मी, मीही त्याच मातीतली. रडू आणि हसू एकदमच आलं. आबांना त्यातलं लाल-निळं काहीही कळत नव्हतं. पण तुझ्याकडून पहिल्यांदा ऐकलेलं आणि नंतर दर वेळी ऐकलेलं ते वाक्य त्यांच्याकडे शाबूत होतं. तू विचारायचीस आणि मग आवाज यायचा. या वेळी कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी विचारलं.

मी वायर काढली आणि काळ्याला लावली. आबांचा खांदा हलला. सदऱ्याची सळसळ त्यांनी ओळखली, मळ्याकडून येणारा बैलगाडीचा खडखडाट ओळखला. माझ्या उसाशाकडे त्यांनी मान वळवली. मग पुढे सरकून, तीन वायरी ताणणार नाहीत इतकंच सरकून, माझ्यासमोर बसले. माझ्या ओठांकडे नाही, डोळ्यांकडे बघत.

"आता सांग," म्हणाले. "मले कोन्ही सांगतलंच नही."

भाऊने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी सांगितलं. अगदी साध्या आवाजात, तू बोलायचीस तशा. "आबा, आपली अक्का गेली."

त्यांनी डोळे मिटले.  मग मान हलवली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"हां," म्हणाले. "आलं ऐकू."